परत करण्याचं कारण

अणदूर,
मंगळवार

प्रिय उत्कर्ष,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलंय, त्याचा फार अर्थ लावत बसू नकोस. पाकीट बघून तुला वाटेल, ताईला एवढं काय झालं की फोन सोडून कागद घेऊन बसली. फोन केला होता, बाबा. मागच्या आठवड्यात चारदा केला. एकदा तुझ्या ऑफिसातल्या कुण्या पोरीनं उचलला आणि गोड आवाजात म्हणाली, सर मीटिंगमध्ये आहेत, तुमचा विषय काय? विषय! चुलत बहिणीचा चुलत भावाशी काय विषय असतो ते मला पटकन सुचेना, म्हणून ठेवून दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर निळ्या खुणा झाल्या आणि तू हात जोडलेलं चित्र पाठवलंस. आता स्पीड पोस्टनं पाठवते. सही करून घ्यावं लागतं, म्हणजे निदान हातात तरी पडेल.

कामाचं आधी सांगते, कारण पहिल्या पानाच्या पुढं तू वाचशील याची मला खात्री नाही. तुमच्या कंपनीनं आमच्या अणदूरच्या एका बाईचं खातं बंद केलंय. मेसेजमध्ये कारण दिलंय 'गैरवापर'. ती बाई महिनाभर रोज माझ्या दुकानात येऊन बसायची आणि एकच विचारायची, माझं काय चुकलं, तिथलं माणूस माझ्यावर रागावलंय का. आणि गेल्या शनिवारपासून जे होऊन बसलंय ते त्याहून अवघड आहे. ते निस्तरणं फक्त तुझ्या हातात आहे, आणि रविवारच्या आत निस्तरायचं आहे. त्या बाईचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तुझ्या भाषणात तिला नाव नव्हतं, नंबर होता. मग थोडा वेळ मीही तिला नंबरच म्हणते. चारशे सतरा.

हो, भाषण बघितलं. अख्ख्या गावानं बघितलं. पार्सलची गाडी चालवणाऱ्या रुद्रेशनं ग्रुपवर टाकलं, वर लिहिलं 'आपल्या गावचा ढाण्या वाघ'. पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या हॉटेलात, अंगात कोट, गालाला चिकटलेला माईक, आणि मागं एवढ्या मोठ्या अक्षरात विषय : ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनांतले परतावे कसे कमी करावेत. लिपस्टिक परत येऊ नये म्हणून एवढा मोठा मंडप! तू इकडून तिकडं चालत होतास, मधेच थांबून डोळे मिटत होतास. मला वाटलं चक्कर आली. मग कळलं, विचार करतोयस. दहावीला बीजगणित सुटत नसताना तू असाच थांबायचास, तेव्हा आण्णासाहेब मास्तर छडी आणायचे. इथं लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तू म्हणालास, गावाकडची बाई वस्तू मागवते, वापरते आणि परत करते. 'वृत्ती' हा शब्द वापरलास. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तीन वर्षं झाली माझ्या पार्लरच्या पुढच्या खोलीत तुमच्या पार्सलचं केंद्र आहे. तूच मिळवून दिलंस, ते विसरले नाही. पण त्यामुळंच काय येतं आणि काय जातं ते मला माहीत आहे, तुला नाही. तुमच्या अ‍ॅपमध्ये तो कॅमेरा आहे ना, तोंडासमोर धरला की रंग ओळखून कुठलं फाउंडेशन घ्यावं ते सांगणारा? तो रंग कुठून उचलतो? कपाळावरून. आणि आमच्या बाया मागवायला कधी बसतात? रविवारी, खंडोबाला जाऊन आल्यावर, तेव्हाच जरा हात रिकामा असतो. कपाळभर भंडारा. तुमच्या यंत्राला वाटलं, अणदूरच्या बायांचा वर्णच हळदीसारखा. धडाधड पिवळी बाटली लागू करून मोकळं! ती पिवळी बाटली आली, तोंडाला बोटभर लावली, की कावीळ झालेली बाई आरशात दिसायची. परत नाही करणार तर काय देव्हाऱ्यात ठेवणार?

बरं, खोक्याला हात लागायचा तोही भंडाऱ्याचाच. झाकणाला पिवळं बोट, खोक्याला पिवळं बोट. पुण्याच्या गोडाऊनमधल्या शहाण्यांनी ते बघून लिहून टाकलं, 'वापरलेला माल'. मागच्या वर्षी तू दोन जणांना पाहणीला पाठवलंस. एक पोरगा, एक पोरगी, दोघांच्या गळ्यात पट्ट्या. धाराशिवला हॉटेलात उतरले, दुपारी माझ्याकडं वीस मिनिटं आले. पोरीनं बायांना विचारलं, तुमचं सकाळचं ब्यूटी रूटीन काय असतं? गजराबाई म्हणाली, शेण काढणे. पोरीनं ते लिहून घेतलं. पोरानं म्हशीबरोबर फोटो काढला. समोर दहा बाया भंडारा लावून बसलेल्या होत्या, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की कपाळ पुसून बघावं. आणि त्यांचा अहवाल हातात घेऊन तू आमची वृत्ती सांगितलीस. धन्य आहे तुझी.

मी काय केलं ते ऐक. नमुन्याच्या नऊ छोट्या बाटल्या आरशापाशी मांडल्या. बाई आली की आधी ओल्या फडक्यानं तोंड पुसायला लावते, मग ट्यूबलाइटखालून उठवून दारात उजेडाला आणते, आणि जबड्याच्या कडेला बोटभर लावून दहा मिनिटं बसवून ठेवते. जो रंग दिसेनासा होतो तो तिचा. एवढंच. उन्हाळ्यात लिपस्टिक दुपारच्या गाडीत टाकू नका, रुद्रेशच्या डब्यात त्यांचा हलवा होतो, हेही सांगितलं. माझ्या केंद्रावरून परत जाणारा माल निम्म्याहून खाली आला. हे सगळं मी तुला मोठा मेसेज लिहून कळवलं होतं, आठवतंय? तू अंगठा पाठवलास. आणि भाषणात काय म्हणालास? 'आमच्या यंत्रणेनं ग्रामीण त्वचेचा अभ्यास करून स्वतःमध्ये सुधारणा केली.' यंत्रणेनं! ती यंत्रणा इथं कंबर धरून बसली आहे, आणि तिनं आताच दोघींच्या भुवया कोरून हात धुतलेत.

पण त्याचं मला एवढं नाही. माझं श्रेय घे, कोटाला शोभतं तुझ्या. माझं डोकं फिरलं ते पुढच्या पाच मिनिटांनी. तू म्हणालास, आता जरा गंमत. मागं पडद्यावर आलं, 'ग्राहक क्र. ४१७, ग्रामीण मराठवाडा. मागवलेल्या वस्तू चौदा. परत केलेल्या वस्तू चौदा.' आणि तू एकेक वस्तू आणि ती परत करण्याचं बाईनं दिलेलं कारण वाचायला लागलास. लाल लिपस्टिक, परत करण्याचं कारण, 'म्हस व्याली. रेडी झाली.' लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. काजळ, परत करण्याचं कारण, 'हुरडा ठिवलाय. सुट्टी मिळंना तर सांग, वाळवून पाठवून देती.' पुन्हा हशा. नखांचा रंग, परत करण्याचं कारण, 'खुर्चीवर लई बसू नगं, पाठीला एरंडाचं त्याल लाव.' प्रत्येक ओळ तू ठसक्यात, नाकातून, मान हलवत वाचलीस. बारावीपर्यंत तू हेच बोलत होतास, उत्कर्ष. आता 'नगं' म्हणायला तुला नक्कल करावी लागते. शेवटी तू म्हणालास, काही ग्राहक सुधारत नसतात, त्यांना नारळ द्यावा लागतो. चारशे सतरा नंबरला आम्ही नारळ दिला आणि आकडा खाली आला. टाळ्या.

खरं सांगते, दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसले असते. म्हस व्याली म्हणून लिपस्टिक परत, आहेच ते हसण्यासारखं. पण तुला हसू कसं आलं रे? पाठ कुणाची दुखते? एरंडाचं तेल लहानपणापासून कुणाच्या पाठीला लागत आलंय? ती म्हस कुणाच्या गोठ्यातली? पडद्यावर तुझ्या घरचं सगळं लिहून आलं होतं, तू ते शंभर माणसांना वाचून दाखवलंस, आणि तुला ओळखू आलं नाही.

चारशे सतरा म्हणजे काकू. तुझी आई. कडूबाई महांतप्पा, मुक्काम अणदूर. सावकाश वाच, घाई नाही.

आता ती लिपस्टिक का मागवायला लागली ते सांगते, त्यातही तुझीच हुशारी आहे. तुमच्या प्रत्येक खोक्यात एक कार्ड निघतं. तुझी कल्पना म्हणे ती. भाषणात छाती फुगवून सांगितलंस की गिऱ्हाइकाशी नातं जोडलं की वस्तू परत करताना त्याला संकोच वाटतो. गेल्याच्या गेल्या दिवाळीत गजराबाईच्या सुनेचं खोकं इथं उघडलं, कार्ड खाली पडलं, आणि काकूनं उचललं. तिचं चौथीपर्यंतचं वाचन तुला माहीत आहे, एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचते. 'प्रिय, कशी आहेस? कामाच्या धावपळीत स्वतःकडं बघायला वेळ मिळतो ना? थकली असशील. मन मोकळं करावंसं वाटलं तर मला लिही. मी स्वतः वाचतो. तुझाच, उत्कर्ष.' खाली तुझी सही, वहीवर करायचास तीच. काकूनं ते तीनदा वाचलं. मग मला म्हणाली, 'अनसूया, माझ्या नावानं बी काहीतरी मागीव.'

मी तिला सांगितलं होतं. नाही असं समजू नकोस. म्हटलं, काकू, हे छापलेलं असतं, सगळ्यांना सारखंच येतं. तर म्हणाली, 'छापलेलं असलं म्हणून काय झालं? लग्नाची पत्रिका बी छापलेलीच असती की. खाली नाव कुणाचं हाय ते बगून जायचं का न्हाय?' आणि पुढं आणखी ऐक. म्हणाली, 'फोनवर त्याला लई गडबड असती. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठिवू का. लिवताना मात्र निवांत लिवतंय माझं लेकरू.' काका गेल्यापासून त्या घरात निवांत बोलायला कोण आहे सांग. थकली असशील, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. तू विचारलंस. म्हणजे छापखान्यानं विचारलं.

मग दर महिन्याला एक खोकं. काय मागवू विचारलं की म्हणायची, 'कायबी टाक, चिठ्ठी आली म्हंजी झालं.' वस्तूला तिनं कधी नख लावलं नाही. कार्ड काढून घ्यायची आणि खोकं पदरानं पुसून माझ्या हातात द्यायची. पोराच्या दुकानचा माल आहे, आपल्याला वापरायचा नाही तर अडकवून कशाला ठेवायचा, हे तिचं म्हणणं. आणि परत करताना तुमच्या अ‍ॅपवर तो रकाना येतो, परत करण्याचं कारण, दुसरं काही असल्यास इथं लिहा. तिनं पहिल्याच वेळी विचारलं, 'हितं लिवलेलं त्याच्याकडं जातं का?' कार्डावर तर छापलेलंच होतं, मी स्वतः वाचतो. मी म्हटलं, जातं. ती सांगायची, मी टाइप करायची. दोन-दोन दिवस मनात जुळवून यायची. खुर्चीवर बसायची, पदर नीट करायची आणि सांगायला लागायची. पार्लरमध्ये दुसरी बाई असली तर ती जाईपर्यंत गप्प बसायची.

मीही काही धुतल्या तांदळाची नाही. मला ठाऊक होतं की तिकडं कुणी वाचत नसणार. तुला एक फोन करून सांगता आलं असतं. केला नाही. कार्ड आलं की काकू आठ दिवस खुशीत असायची, ते मोडवेना, आणि खरं सांगायचं तर पार्सलं वाढली की केंद्र टिकतं हेही डोक्यात होतं. माझ्या वाट्याच्या शिव्या मला खाऊ दे. पण तुझ्या वाट्याच्या तू खा. कारण तिनं एकदा तुला फोनवर सरळ विचारलं होतं. मी शेजारीच होते. 'माझं लिवलेलं पोचतं का रं?' आणि तू, मागं लिफ्टची घंटी वाजत होती, म्हणालास, 'हो हो, पोचतंय सगळं.' काय पोचतंय, एवढं विचारायला तुला किती वेळ लागला असता? त्या 'हो हो'वर तिनं पुढची आठ पत्रं लिहिली. कार्ड फिरून तेच यायला लागलं तरी म्हणायची, 'इसरलं असंल, काम काय कमी हाय का त्याला.' गजराबाईच्या सुनेला तेच कार्ड आलेलं बघितलं तर म्हणाली, 'तिलाबी लिवलंय, बरं झालं, गावाची याद हाय म्हणायची.' तिला हरवणं शक्य नव्हतं. तुम्ही खातं बंद करून हरवलंत.

तो मेसेज मी लपवणार होते, पण तिनं फोन हातात घेतला. 'गैरवापर' हा शब्द तिनं बोट ठेवून वाचला आणि अर्थ मला विचारला. मी म्हटलं, कंपनीचं काहीतरी दुरुस्तीचं काम चाललंय. तिला पटलं नाही. त्या दिवसापासून ते सुरू झालं, रागावला का, काय चुकलं, म्हस व्याल्याचं लिवलं ते त्याला त्याच्या सायबांपुढं बरं दिसलं न्हाय का. फोनवर तुला विचारायची तिची हिंमत होईना. गेल्या महिन्यात तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा ती फक्त 'बरं, बरं' म्हणाली. तुला काही जाणवलं? कसं जाणवणार, ठेवू का म्हणायची घाई असते.

आता शनिवारचं सांगते. त्यासाठीच हे पत्र, बाकीची भडास निघून गेली ती निघून गेली. शनिवारी गजराबाई तुझं भाषण फोनमध्ये घेऊन काकूकडं गेली. मला कळलं तेव्हा मी पार्लर उघडं टाकून पळत सुटले, म्हटलं आता म्हातारी कोलमडणार. जाऊन बघते तर काकू ओट्यावर बसलेली, फोन गुडघ्यावर, आणि तोंडभर हसू. मला म्हणाली, 'अनसूया, बग की! रागावला न्हाय गं. माझं लिवलेलं समदं त्यानं जपून ठिवलंय. एवढ्या मोठ्या मोठ्या लोकांला वाचून दाखवलंय, आन् लोक बी किती खूश झालेत बग.' नारळ दिल्याचं तिनं ऐकलं, तर म्हणाली, सत्कारात नारळ देतातच. तिनं ते चार वेळा बघितलं. तुझ्या नकलेला ती काय म्हणाली माहीत आहे? 'एवढी वर्सं पुण्यात राहून बी आपली बोली इसरला न्हाय.' तर आता ती येते आहे, उत्कर्ष. रविवारी सकाळी, गजराबाईबरोबर, सोलापूरहून येणाऱ्या एसटीनं स्वारगेटला. तुला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय, ती मी मोडते आहे. तू स्टँडवर उभा राहा, रुद्रेशनं सांगितलं म्हण. तिथं तिला एकच गोष्ट सांगायची, की पहिल्या ओळीपासून तुला माहीत होतं आई लिहिते आहे म्हणून. लोकांना गुंडाळण्यात तू पटाईत आहेस, हे एक खोटं आयुष्यात धड बोल. ती विचारणार आहे, 'कंचं आवडलं?' माझ्यासमोर म्हणून बघून तयारी केलीय तिनं. म्हणून सोबत तिची चौदाही पत्रं माझ्या फोनमधून उतरवून पाठवते आहे, रविवारच्या आत पाठ कर. म्हशीचं आणि हुरड्याचं आवडलं असं सांगू नकोस, त्यावर लोक हसले होते. पाचवं सांग, ज्यात ती विचारते की तू थकतूस का. आणि एक पंधरावं आहे, ते शेवटच्या पानावर वेगळं लिहिलंय. खातं बंद झाल्यावर तिनं ते सांगितलं होतं, मी टाइप केलं, तुमच्या कंपनीनं घेतलं नाही. ते तुला माहीत आहे असं तिला कळू देऊ नकोस, नुसतं वाच. त्यात एवढंच आहे : 'माल परत केल्याला चालत नसंल तर तसं लिव्ह. म्या ठिवून घेती, लावती बी. पर लिवायचं बंद करू नगं.'

तुझीच, नाइलाजानं का होईना,
अनसूयाताई